फिल्टरचा पाना आणि धोंड्याचं जेवण

मु. करजखेड, ता. वरूड
अधिक महिना सराले सहा दिवस बाकी

मानाचे इवाई नत्थुजी यांस,

पंजाबरावचा हात जोडून रामराम. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. डाव्या गुडघ्यावर एरंडीचं पान बांधणं चालू आहे का सोडून दिलं, ते कळवावं. इंदूबाईंची शुगर उन्हाळ्यात वर जाते अन् आंबा अजून बाजारात आहे, तवा त्याइच्यावर लक्ष असू द्यावं (लक्ष ठेवलेलं त्याइले आवडत नाही हे मले माहीत आहे, सोयरिकीच्या बोलणीत आमच्या घरी त्याइनं चहात तीन चमचे साखर टाकली, अन् मी पाहून राहिलो म्हटल्यावर चौथा टाकला). इकडं मी बरा आहे, मनकर्णा बरी आहे, संत्र्याची झाडं बरी आहेत, विहिरीले पाणी कमी आहे पण आहे. ट्रॅक्टर बरा नाही. शालू खुशाल आहे अन् ती अजून इथंच आहे, हे तुमाले सांगाची गरज नाही, कारण नऊ दिवसांपासून सुनेच्या हातची भाकर तुमच्या ताटात पडलेली नाही.

आता तुमी म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस कागद काहून काळा करून राहिला. त्याले कारण आहे. तुमचा फोन अर्धा दिवस गॅरेजच्या टेबलावर असते अन् उचलतात आमचे जवाई शेखरराव. मी आतापर्यंत चारदा लावला. चारही वेळा ते म्हणाले, ‘हॅलो, आवाज येऊन नाही राहिला,’ अन् ठेवून दिला (त्यातल्या दोन वेळा मी अजून तोंडही उघडलं नव्हतं). शिवाय फोनवर समोरचा माणूस मधात बोलते, कागद मधात बोलत नाही, अन् मले हे पहिल्यापासून सांगाचं आहे. म्हणून तुमच्या नावानं, घरच्या पत्त्यावर धाडतो. चष्मा लावून वाचावं. इंदूबाईंले मोठ्यानं वाचून दाखवाले हरकत नाही, फक्त त्या वेळी शेखरराव घरात नसतील असं पाहावं.

धोंड्याच्या दिवशी आमचे जवाई म्हणजे तुमचे चिरंजीव भरल्या ताटावरून उठून अकोल्याले निघून आले, एवढं तुमाले समजलंच आहे. काहून आले हे त्याइनं काय सांगितलं, मले माहीत नाही. आमच्या गावात तीन प्रकार चालू आहेत. पहिल्यात पुरणात खडा निघाला. दुसऱ्यात चांदीचा म्हणून जर्मनचा दिवा ठेवला. तिसऱ्यात मी अंगठीचं कबूल करून मागं सरलो. तिन्ही खोटे आहेत. पुरण मनकर्णानं दोनदा चाळून घेतलं होतं, दिवा चांदीचा होता अन् तो तेहतीस अनारशांसोबत अजून कपाटात आहे (अनारसे एकतीस, दोन मी खाल्ले), अन् अंगठीचं कोणी काही बोललंच नव्हतं. खरी गोष्ट ऑइल फिल्टरची आहे.

तुमचं सारं आयुष्य झेंडू अन् शेवंतीत गेलं, म्हणून थोडं समजावून सांगतो. इंजिनच्या बाजूले लोटीएवढा पत्र्याचा एक गोल डबा फिरवून बसवलेला असते. इंजिनचं ऑइल त्यातून गाळून जाते. ऑइल बदललं की तो डबा फेकाचा अन् नवा लावाचा. म्हणजे त्याच्यात कामं दोनच, काढणं अन् बसवणं. मागच्या साली मी तो स्वतः बसवला. पहिले हातानं कसला, पण मनाचं समाधान झालं नाही. तवा पाण्याच्या लायनीचा मोठा पाईप पाना आणला, त्याच्या दांड्यात तीन फुटाची लोखंडी नळी घातली अन् नळीवर पाय देऊन उभा राहिलो (माझं वजन तवा एक्याऐंशी किलो होतं). जे घट्ट ते गळत नाही असं माझं मत, अन् बोरच्या पाइपापासून तर पोरीच्या सोयरिकीपर्यंत मी ते कायम चालवत आलो. ऑइलचा एक थेंब वर्षभर गळला नाही, हे कोणालेही मान्य करा लागेल.

यंदा मे महिन्याच्या मधात ऑइल बदलाची पाळी आली. पावसाआधी वखरणी उरकाची होती. खालचा नट काढून जुनं ऑइल घमेल्यात सोडलं, फिल्टरले हात घातला, तर तो हलाले तयार नाही. फडकं घेतलं, घसरलं. पॉलिश कागद गुंडाळला, हाताची साल गेली. मनकर्णा म्हणाली, लोणच्याच्या बरणीचं झाकण बसते तवा मी गरम पाणी टाकते. टाकलं. फिल्टर गरम झाला. आमचे शेजारी पुंजाजी बांधावर बसून पाहत होते. पुंजाजीले सल्ला द्याची घाई नसते, पहिले माणूस पुरता दमू देतात. मी दमल्यावर ते म्हणाले, ‘पंजाबराव, याच्यासाठी बाजारात खास पाना भेटते.’ हे त्याइनं एक तास आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून मोर्शीवरून अमरावतीले गेलो. ऑटो पार्टच्या दुकानात दुकानदारानं काउंटरवर चार जातीचे पाने मांडले. एक पट्ट्याचा, एक चेनचा, एक वाटीसारखा बुडावर बसणारा, अन् एक तीन पायांचा, जो जितका फिरवला तितका फिल्टरले आवळत जाते. प्रत्येकाचा गुण तो सांगत राहिला, अन् मी साडीच्या दुकानात मनकर्णा बसते तसा एकेक उलटसुलट करत राहिलो. पट्ट्याचा हातात घेतला तर चप्पलच्या अंगठ्याएवढा त्याचा जीव. म्हटलं, हा काय फिल्टर काढेल. चेनचा चांगला वजनदार होता, तो घेतला. लोखंड आपण जन्मभर वजनावर घेत आलो, विळा असो की नांगराचा फाळ. दुकानदारानं विचारलं, ‘काका, फिल्टरच्या बाजूले जागा किती हाये?’ मी म्हटलं, ट्रॅक्टर मोकळ्या आवारात उभा आहे, जागेले काय कमी. त्यानं पाना पिशवीत टाकला.

घरी आल्यावर त्याच्या प्रश्नाचा अर्थ समजला. फिल्टरच्या एका अंगाले इंजिन, दुसऱ्या अंगाले हायड्रॉलिकची नळी, अन् पान्याचा दांडा हातभर लांब. चेन गुंडाळून ओढलं की दांडा चार बोटं सरके अन् नळीवर जाऊन थांबे. मंग चेन सैल करा, मागं घ्या, परत गुंडाळा, परत चार बोटं. असं मी अकरा वाजेपासून दोन वाजेपर्यंत केलं. दोन वाजता पाहिलं तर फिल्टर आपल्या जागी अन् त्याची कंबर मात्र बारीक झालेली. चेननं पत्रा आत दाबून टाकला होता. पुंजाजी म्हणाले, आकार सुधरला.

दुसऱ्या खेपेले मी बुडावर बसणारा वाटीचा पाना घ्याचं ठरवलं, कारण फिल्टरचं बूड अजून साबूत होतं. त्याले माप बरोबर लागते. आता मोजपट्टीनं गोल वस्तू मोजली तर माझ्या हातून कधी एक माप दोनदा आलेलं नाही. म्हणून मनकर्णाच्या नव्या संचातल्या स्टीलच्या वाट्या बुडाले लावून पाहिल्या (संच जवायाच्या ताटासाठी आणला होता, सहा वाट्यांचा). मधली वाटी बरोबर चपखल बसली. ती रुमालात बांधून अमरावतीले घेऊन गेलो. दुकानदारानं वाटी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, अन् वाटीवर बरोबर बसेल असा पाना काढून दिला. घरी येऊन लावतो तर ढिल्ला. फिल्टर वाटीच्या आत बसत होता, अन् त्यानं पाना वाटीच्या बाहेरून मोजून दिला होता. मी डोकं चालवलं. फिल्टरवर वाटी बसवली, वाटीवर पाना बसवला अन् जोर दिला. वाटी चेपली. मनकर्णानं त्या दिवशी रात्रीची भाजी मले पानावर वाढली.

तिसऱ्या खेपेले दुकानदारानं पिशवीकडं न पाहता विचारलं, ‘काका, घरच्यात कोणी मिस्त्री नाही का?’ मी म्हटलं, जवाई आहेत, अकोल्याले गॅरेज आहे, चार माणसं हाताखाली आहेत. त्यानं हातातला पाना काउंटरवर ठेवला. ‘मंग तुमी इथं काहून येऊन राहिले?’ मी त्याले समजावलं की धोंडा तोंडावर आला आहे, जवायाले मानानं बोलावलं आहे, त्याले ट्रॅक्टरखाली झोपवणं आमच्यात बसत नाही. तो म्हणाला, आमच्यातही बसत नाही, पण फिल्टर तर निघते. मले हे बोलणं आवडलं नाही. तीन पायांचा पाना घेऊन मी दुकानाबाहेर पडलो. (खरं सांगाचं तर त्याच आठवड्यात शेखररावाचा फोन आला होता. ट्रॅक्टर कसा आहे म्हणून त्याइनं स्वतःहून विचारलं. मी म्हटलं, झकास.) तीन पायांच्या पान्याचं एवढंच लिहितो की पाना चांगला होता, पण डब्याची कंबर आधीच गेलेली. त्यानं आवळला अन् पिळला, अन् बूड फिरलं, वरचा भाग फिरला नाही. शेवटी पुंजाजीच्या सांगण्यावरून हातोडीनं मोठा स्क्रू ड्रायव्हर फिल्टरच्या आरपार घातला. तो पत्रा फाडत इकडून तिकडं आला. आता त्या डब्याले धरासारखं काही उरलं नव्हतं.

एवढं होईपर्यंत धोंडा दुसऱ्या दिवसावर आला. पुंजाजीच्या बैलाइनं ट्रॅक्टर ओढून लिंबाखाली नेला अन् त्याच्यावर गहू झाकाची ताडपत्री टाकली. सकाळच्या बसनं दोघं आले. मनकर्णानं दारात पायावर पाणी घातलं, ओवाळलं. ओसरीवर खुर्ची, खुर्चीवर नवी चादर, समोर टेबल फॅन. लग्नाले अडीच वर्ष झाले, म्हणजे हा त्याइचा पहिलाच धोंडा. माझा बेत असा की त्या दिवशी त्या माणसानं पाण्याचा गिलासही स्वतःच्या हातानं उचलू नये. पाणी मी स्वतः दोनदा नेऊन दिलं. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, ‘मामाजी, पोटात पुरणाले जागा राहू द्या.’ सदरा त्याइनं आमी दिलेलाच घातला होता, पांढरा. तवापर्यंत समदं ठीक चाललं होतं.

पण ज्याची भाकर ऑइलमधून निघते त्याले वास येते. शेखरराव खुर्चीवरून उठून लिंबाखाली गेले, ताडपत्रीचा कोपरा वर केला अन् उकिडवे बसले. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसावं तसे बराच वेळ बसले. मंग विचारलं, ‘मामाजी, हा मागच्या वेळी कसला कोणं होता?’ इथं मी सरळ सांगाले पाहिजे होतं की मी कसला, नळीवर उभं राहून कसला. पण पुंजाजी बांधावर होते, मनकर्णा दारात होती, अन् मी धोतर-टोपीत होतो. मी म्हटलं, ‘होता कोणी मिस्त्री. या मिस्त्री लोकाइले काय, हात काळे केले की झालं काम. डोकं कुठं लावतात.’ आपण हे कोणाच्या तोंडावर बोललो ते मले जरा उशिरा उमगलं. पुंजाजीले लगेच उमगलं असावं, कारण ते उठून घरी गेले, अन् काही पाहाले मिळत असताना पुंजाजी कधी उठत नाहीत.

शेखरराव थोडेसे हसले. त्याइनं पांढऱ्या सदऱ्याची बाही वर सारली अन् म्हणाले, ‘सरका मामाजी, मी पाहतो. दहा मिनिटाचं काम हाये.’ मी त्याइचं मनगट धरलं. म्हटलं, ‘नाही जवाईबापू, आज तुमचे हात काळे होऊ देणार नाही. लोक काय म्हणतील, जवाई म्हणून बोलावला अन् मिस्त्री करून ठेवला.’ इवाईबुवा, हे मी मानापोटी बोललो. तुमच्या पायाची आण घेऊन सांगतो, त्याच्यात दुसरं काही नव्हतं. त्याइनं बाही परत खाली केली, बटन लावलं, नळावर जाऊन हात धुतले (हाताले काही लागलेलं नव्हतं), अन् मनकर्णाले म्हणाले की गॅरेजात एक गाडी उघडी पडली आहे, जा लागते. ताट वाढलेलं होतं, तूप तेवढं वाढाचं राहिलं होतं. शालू आतून आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् म्हणाली, ‘तुमी न्याले याल तवाच येईन.’ ते बरं म्हणाले अन् स्टँडवर चालत गेले. मी स्कूटरवर सोडतो म्हटलं, तेही नको म्हणाले.

 संध्याकाळी शालूनं आपल्या बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली अन् माझ्यासमोर ठेवली. आत नवा फिल्टर होता अन् एक पाना होता, पट्ट्याचा. मी अमरावतीले हातात घेऊन ठेवून दिला होता तसाच, चप्पलच्या अंगठ्याएवढा जीव असलेला, पण याचा पट्टा विणलेला होता अन् दांड्याऐवजी वरून लांब नळी लावाची सोय होती, म्हणजे आजूबाजूची जागा लागत नाही. मनकर्णानं आठ दिवस आधीच फोनवर शालूले समदं सांगितलं होतं, फोटोही पाठवला होता. फोटोतली जागा पाहून शेखररावानं तो पाना आणला. माझ्या घरी धोंडा जेवाले येताना आणला. मामाजीनं मागितल्याशिवाय कसं काढाचं म्हणून ताडपत्री उचलेपर्यंत त्याइनं तो बॅगेतच राहू दिला.

अन् मंग शालूनं दुसरी गोष्ट सांगितली, ती तुमाले माहीत आहे का नाही, मले ठाऊक नाही. सोयरीक पाहाले आमी तुमच्या घरी आलो होतो. जेवणं झाल्यावर मी अंगणात हात धुवाले गेलो अन् मनकर्णाले म्हटलं, बी.ए. झालेली पोरगी काय मिस्त्रीले द्याची, जन्मभर ग्रीसचे कपडे धुवाले. हे मी म्हटलं, मले आठवते. माझ्या हातावर पाणी कोण टाकून राहिलं ते मी पाहिलं नव्हतं. शेखरराव तांब्या घेऊन मागं उभे होते. त्याइनं पाणी टाकलं, मंग टॉवेल दिला. एवढ्या वर्षांत त्याइनं मले कधी जाणवू दिलं नाही. शालूलेही लग्नाच्या सहा महिन्यांनी सांगितलं, तेही हसत हसत.

मले वाईट वाटलं. याले दुसरे शब्द नाहीत, म्हणून साधेच लिहितो. ज्याले मी मान म्हणून राहिलो होतो त्यानं तोच घाव दुसऱ्यांदा बसला. गावात मी सांगत फिरतो की जवाई खुर्चीवर बसून चार माणसाकडून काम करून घेतात, स्वतः हात लावत नाहीत. ते खोटं आहे. ते स्वतः हात लावतात, म्हणूनच बाळापूर अन् मूर्तिजापूरची गाडी त्याइच्या दारात येऊन थांबते. अन् ग्रीसचे कपडे शालू धूत नाही. ते स्वतः धुतात, रविवारी, दगडावर. शालू तर गॅरेजात बसते अन् तिले आवडते, हे तिनं मले त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, कारण मी पहिल्यांदा विचारलं.

तर आता अशी विनंती आहे. अधिक महिना सहा दिवसांनी सरते, पुढचा तीन वर्षांनी. तुमी बाप आहात, मोठे आहात, शेखररावाले समजावून धोंडा जेवाले पाठवून द्यावं. पोरगी माहेरी बसली आहे, मनकर्णा रोज बस आली की दारात जाते. शालू त्याइच्याशी फोनवर बोलते, हसतेही, पण मी जवळ गेलो की दोघं पावसावर बोलाले लागतात. आज हे पत्र लिहितो तवाही फिल्टर इंजिनाले लागलेला आहे, ट्रॅक्टर लिंबाखाली आहे, अन् पुंजाजीची वखरणी आटोपली. लहानमोठं बोललो असेल तर सोयऱ्यानं पोटात घालावं. इंदूबाईंले नमस्कार, गुडघ्याले जपावं.

तुमचा इवाई,
पंजाबराव

ता. क. जेवणाचं जे वर लिहिलं ते मनकर्णा बाजूले बसली होती म्हणून लिहिलं. ती आता भाजी तोडाले गेली. त्याइले जेवाले नका पाठवू. कामाच्या कपड्यात पाठवा, अन् फिल्टर काढाले पाठवा. पुंजाजीले मी सांगून ठेवलं आहे की आमचे जवाई ट्रॅक्टर पाहाले येऊन राहिले, त्याइच्याइतका मिस्त्री या भागात नाही. अन् त्याइले एवढं सांगा की मागच्या साली फिल्टर कसणारा मिस्त्री मीच. मी स्वतः सांगितलं असतं, पण फोनवर माझा आवाज येत नाही.

ता. क. दुसरं. शालू हे वाचून राहिली अन् म्हणते, बाबा, खरं लिहा. तर खरं असं की फिल्टर चार दिवस आधीच निघाला. शालूनं काढला. त्याच पट्ट्याच्या पान्यानं, पट्टा अगदी वर, इंजिनाजवळ बांधून, जिथं डबा चेपला नव्हता. तिले सहा मिनिटं लागली. मले तिनं ट्रॅक्टरखाली येऊ दिलं नाही. नवा कसा बसवाचा तेही तिनं दाखवलं. रबराच्या रिंगले बोटानं ऑइल लावाचं, हातानं फिरवाचा, टेकला की वरून पाऊण फेरा, तोही हातानंच. बसवाले पाना लागतच नाही म्हणते. नवा बसवून, ऑइल भरून तिनं ट्रॅक्टर चालूही करून पाहिला. ती आंघोळीले गेल्यावर मी ऑइल परत घमेल्यात सोडलं, नवा फिल्टर काढून ठेवला अन् तो जुना फाटका डबा होता तिथं लावून दिला. वर ताडपत्री टाकली. वखरणी राहिली तर राहू द्या.

ता. क. तिसरं. शालू म्हणते, त्याइनं नुसतं बोट लावलं तरी त्याइले समजेल की हा निघालेला डबा कोणं तरी परत अडकवला आहे. मी म्हटलं, समजू दे. पाना कोणता पाहिजे ते त्याइनं खालून सांगावं, मी वर बसून हातात देत जाईन.